डिजिटल कॅलिपरलाही ‘व्हर्नियर’ का म्हणतात?

प्रश्न: वर्कशॉपमध्ये स्क्रीनवर आकडा दाखवणाऱ्या कॅलिपरलाही सगळे ‘व्हर्नियर’च म्हणतात. हे नाव कंपनीचं की अवजाराचं? शिवाय ०.०२ मिमीच्या साध्या व्हर्नियरवर प्रत्येक माप डिजिटलपेक्षा ०.०६ ने जास्त येतंय. चूक कुठे होत असेल?

उत्तर १: दोन्ही नाही, ते माणसाचं आडनाव आहे. पिएर व्हर्निए या फ्रेंच गणितज्ञाने १६३१ मध्ये सरकत्या पट्टीची रचना प्रसिद्ध केली, आणि तीसुद्धा कोन मोजण्याच्या यंत्रासाठी. म्हणजे व्हर्नियर हे नाव खरं त्या छोट्या सरकत्या पट्टीचं. जबडेवालं अवजार ते कॅलिपर. डिजिटलमध्ये ती पट्टीच नसते, फक्त सवयीने नाव चिकटलंय. त्याआधी १५४२ मध्ये पोर्तुगालच्या पेद्रू नुनिशने याच अडचणीवर, म्हणजे पट्टीच्या सर्वात लहान भागापेक्षा बारीक माप कसं वाचायचं यावर, वेगळा तोडगा सुचवला होता. बाहेरच्या कंसाचे ९० भाग, त्याच्या आत एकात एक आणखी ४४ कंस: पहिल्याचे ८९ भाग, पुढच्याचे ८८, असं करत ४६ पर्यंत. आखायला भयंकर किचकट! तरी जर्मनमध्ये सरकत्या पट्टीला आजही त्याच्याच नावावरून ‘नोनियस’ म्हणतात.

उत्तर २: मापाबद्दल. तुमच्या पट्टीवर ४९ मिमीचे ५० भाग आहेत, म्हणजे एक भाग ०.९८. मुख्य पट्टीच्या १ मिमीशी फरक ०.०२, तेच लघुतम माप, म्हणजे वाचता येणारं सर्वात लहान माप. मुख्य पट्टीवर २३ आणि सरकत्या पट्टीची १८वी रेघ जुळली, तर २३.३६.
प्रत्येक माप सारखंच जास्त येतंय म्हणजे आधी शून्य त्रुटी बघा, म्हणजे जबडे बंद असताना दोन्ही पट्ट्यांची शून्यं जुळतात का ते. जबडे पुसून बंद करा, उजेडासमोर धरा. तिसरी रेघ जुळत असेल तर त्रुटी +०.०६, ती प्रत्येक मापातून वजा करायची. सरकत्या पट्टीचं शून्य मुख्य पट्टीच्या शून्याच्या डावीकडे गेलं असेल तर मात्र उलटं मोजा: ४७वी जुळली की त्रुटी −०.०६, तेवढं मिळवायचं. इथे ०.९४ समजणारे पुष्कळ.

उत्तर ३: वरच्यात भर. जॉब (मोजायची वस्तू) जबड्याच्या टोकात नाही, पट्टीजवळ आत धरा. टोकात धरला की सरकता जबडा किंचित तिरका होतो आणि माप हलतं. रेघ वाचताना नजर सरळ समोर हवी. आणि लहान भोकांच्या मापावर फार विसंबू नका: आतल्या जबड्यांच्या कडा थोड्या सपाट असतात, त्यामुळे माप खऱ्यापेक्षा कमी येतं. तिथे पिन गेज (ठरावीक व्यासाच्या अचूक पिना) घ्या.