उनामची २० सेंताव्हो फी: हक्क की उधळण?

धागा
मेक्सिकोच्या राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठात, म्हणजे ‘उनाम’मध्ये, पदवीची वर्षाची फी २० सेंताव्हो आहे. पेसोचा पाचवा हिस्सा! मुळात ती २०० पेसो होती. अनेक दशकं कोणी ती वाढवली नाही, महागाईने तिची किंमत खाल्ली, आणि १९९३ मध्ये चलनातली तीन शून्यं गेल्यावर उरले २० सेंताव्हो. माझ्या मते ती अशीच राहावी. साडेतीन लाखांच्या आसपास मुलं तिथे शिकतात. देशाची भूकंपनोंद सेवा आणि राष्ट्रीय ग्रंथालयही हेच विद्यापीठ सांभाळतं. अख्ख्या देशाचं काम करणाऱ्या संस्थेचा खर्च देशानेच उचलायला हवा.

प्रतिसाद १
असहमत. फुकट, पण कोणाला? पदवीच्या प्रवेश परीक्षेला बसणाऱ्या दहा जणांत जेमतेम एकाला जागा मिळते. उनामच्याच उच्च माध्यमिक शाळांतली मुलं ठरावीक गुणांवर परीक्षेविना आत जातात. म्हणजे पंधराव्या वर्षी ज्याला त्या शाळेत जागा मिळाली, त्याचं भलं झालं. बाहेर राहिलेला गरीब मुलगा खासगी महाविद्यालयात पैसे भरतो आणि वस्तू घेताना कर भरून आतल्या सुखवस्तू मुलाचंही शिक्षण चालवतो. ऐपत असलेल्यांकडून फी घ्या, त्यातून शिष्यवृत्त्या द्या.

प्रतिसाद २
हा प्रयत्न १९९९ मध्ये झालाच होता. फीवाढीविरुद्ध २० एप्रिलला संप सुरू झाला. जूनमध्ये फी ऐच्छिक केली तरी तो मिटला नाही. ६ फेब्रुवारी २००० ला पोलिसांनी आत शिरून मोडला. जवळपास दहा महिने वर्ग बंद! ज्यांच्या नावाने लढा चालला, त्या गरीब मुलांचंच वर्ष बुडालं. याचं मला आजही वाईट वाटतं.

प्रतिसाद ३
प्रतिसाद १ साठी: विद्यापीठाने आपला पैसा आपण उभा करावा, हेही मेक्सिकोने करून पाहिलंय. १९२९ च्या विद्यार्थी संपातून स्वायत्तता मिळाली. १९३३ च्या कायद्याने सरकारने नावातला ‘राष्ट्रीय’ शब्द काढला, एकदाच एक कोटी पेसो दिले आणि यापुढे काही मिळणार नाही असं सांगितलं. हे फार काळ निभलं नाही. १९४५ च्या कायद्याने ते पुन्हा ‘राष्ट्रीय’ झालं.

आणि ही स्वायत्तता कागदी नव्हती. १९६८ मध्ये विद्यार्थी आंदोलनावरच्या सरकारी दडपशाहीविरुद्ध कुलगुरू हाविएर बारोस सिएरा स्वतः मोर्चाच्या पुढे चालले. सप्टेंबरात लष्कर विद्यापीठनगरीत घुसलं, २ ऑक्टोबरला राजधानीतल्या त्लातेलोल्को चौकात आंदोलकांवर गोळीबार झाला. श्रीमंतांच्या फीवर चालणाऱ्या संस्थेचा कुलगुरू असा रस्त्यावर उतरला असता, असं मला वाटत नाही.

प्रतिसाद १
कुलगुरूंबद्दल आदर आहेच. पण त्यांच्या धैर्याचा आणि २० सेंताव्होंचा संबंध तुम्ही जोडताय. स्वायत्तता कायद्याने मिळते, फीमाफीने नाही.

धागाकर्ती
परीक्षेविना प्रवेशाचा मुद्दा मला पटला. तिथे माझ्याकडे उत्तर नाही. तरी उपाय फी नव्हे, जागा वाढवणं आहे. फी लावली तरी दहातले नऊ बाहेरच राहतील.

प्रतिसाद १
जागा वाढवायला पैसा लागतो. तो कोण देणार, तेवढं सांगा.