गणपतीत माणसे वाढली की सेप्टिक टँक तुंबते आणि विहीर जवळ आहे: दुरुस्ती कोणत्या क्रमाने करावी?

प्रश्न: मागीलदार (राजापूर तालुका)

आमच्या गावच्या घरी वर्षभर आई आणि बाबा दोघेच राहतात. आम्ही भावंडे ठाण्याला असतो. २००९ साली नवे संडास आणि न्हाणीघर बांधले, तेव्हा गवंड्यांनी चिऱ्यांची सेप्टिक टँक बांधून तिचे पाणी मागल्या दारच्या शोषखड्ड्यात सोडले. न्हाणीचे पाणीही त्याच टाकीत जाते. टाकी आतून ६ फूट लांब आणि ३ फूट रुंद असून पाणी सुमारे ४ फूट उंचीपर्यंत राहते. कधी तक्रार आली नाही, त्यामुळे ती आजवर एकदाही उपसलेली नाही.

गेल्या वर्षी गणपतीत घरात अठरा माणसे होती. दुसऱ्या दिवसापासून संडासाच्या भांड्यातले पाणी सावकाश उतरू लागले, आणि गौरी आल्या त्या दिवशी शोषखड्ड्याच्या कडेने काळसर पाणी जमिनीवर आले. तिथून उताराच्या बाजूला ४५ फुटांवर आमची विहीर आहे, आणि पिण्यासाठी तिचेच पाणी आम्ही वापरतो. माणसे परतल्यावर सगळे पूर्ववत झाले, म्हणून आईबाबांना काळजीचे कारण वाटत नाही; मला मात्र वाटते. गवंडी आणखी एक शोषखड्डा मारायला सांगतात, शेजारी जिवाणूंची पावडर टाकायला सांगतात, आणि एक गृहस्थ आत उतरून टाकी साफ करून द्यायला तयार आहेत. नेमके काय बिघडले आहे?

उत्तर १: निवृत्त स्थापत्य अभियंता, चिपळूण

आपली काळजी योग्य आहे. हा दोष बरीच वर्षे साचत आला असावा. गणपतीत तो वर आला.

सेप्टिक टँकमध्ये मैला आपोआप नाहीसा होतो, असा समज गावोगाव आढळतो. टाकीचे मुख्य काम निवळण्याचे आहे. जड भाग तळाशी गाळ होऊन बसतो, तेलकट आणि हलका भाग सायीसारखा वर तरंगतो, आणि मधले त्यातल्या त्यात स्वच्छ पाणी टी आकाराच्या पाइपातून बाहेर पडते. हवेविना जगणारे जिवाणू गाळाचा काही भाग कुजवतात आणि त्याचा वायू व्हेंट पाइपातून निघून जातो, पण उरलेला गाळ वर्षानुवर्षे साठत राहून पाण्याची जागा खातो.

आता आपलीच मापे पाहू. ६ × ३ × ४ म्हणजे ७२ घनफूट, अर्थात सुमारे २,००० लिटर. दोन माणसांचे न्हाणीसकट रोजचे २०० लिटर धरले तर पाणी टाकीत दहा दिवस थांबते, आणि इतका वेळ मिळाल्यावर गाळाने बरीच भरलेली टाकीही काम करत राहते. अठरा माणसांचे १,८०० लिटर होते. टाकी पूर्ण रिकामी असती तरी पाण्याला जेमतेम एक दिवस मिळाला असता, आणि निवळण्यासाठी तेवढा तरी लागतोच. निम्मी टाकी गाळाने भरलेली असेल तर तेरा-चौदा तासच मिळतात. मग न निवळलेले पाणी गाळ घेऊन शोषखड्ड्यात जाते आणि खड्ड्याच्या भिंतींची छिद्रे बुजतात. त्यातच भाद्रपदात कोकणातली जमीन आधीच पाण्याने भरलेली असते, म्हणून खड्डा पाणी जिरवू शकत नाही.

पावडरीवर खर्च करू नये. मैल्यात जिवाणू मुळातच भरपूर असतात, आणि न कुजणारा गाळ कोणतीही पावडर संपवत नाही. संडास धुताना ॲसिड आणि फिनेल जेवढ्यास तेवढे वापरावे, कारण ते फार झाले तर टाकीतले जिवाणू मरतात.

विहिरीचा प्रश्न मला सर्वांत गंभीर वाटतो. सेप्टिक टँकविषयीच्या भारतीय मानक २४७० प्रमाणे शोषखड्डा आणि पिण्याच्या पाण्याची विहीर यांत किमान १८ मीटर, म्हणजे सुमारे ६० फूट अंतर हवे, आणि खड्ड्याचा तळ भूजलाच्या बराच वर हवा. आपले अंतर ४५ फूट आहे, उतार विहिरीकडे आहे आणि जमीन जांभ्याची आहे. जांभ्याच्या पोकळ्यांतून आणि भेगांतून पाणी न गाळता धावते, त्यामुळे तिथे ६० फूटही मी पुरेसे मानत नाही. विहिरीचे पाणी आजपासून उकळून प्यावे आणि ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकांमार्फत नमुना तपासणीला द्यावा. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर विहिरीत टाकल्याने त्या वेळचे जंतू मरतात, पण झिरप चालू राहतो.

त्यानंतर गाळ मोजावा. लांब काठीला जुना पांढरा पंचा गुंडाळून ती टाकीच्या तळापर्यंत सावकाश सोडावी, काही मिनिटे तशीच धरावी आणि मग वर काढावी. काळ्या खुणेच्या उंचीवरून गाळाचा थर कळतो. गाळ आणि साय मिळून पाण्याच्या खोलीचा एक तृतीयांश भाग झाला असेल तर उपसा करावा. झाकण उघडल्यावर थोडा वेळ दूर थांबावे, वाकून आत डोकावू नये आणि जवळ विडी किंवा दिवा नेऊ नये.

उपसा पावसाळा संपल्यावर, शक्यतो मे महिन्यापर्यंत उरकावा. न्हाणीचे पाणी टाकीतून कायमचे तोडून माडांच्या आळ्यांत सोडावे. एवढ्यानेच टाकीवरचा भार निम्म्याहून कमी होईल. नवा शोषखड्डा खणायचाच झाला तर तो घराच्या अशा अंगाला घ्यावा, जिथला उतार विहिरीकडे येत नाही. टाकी उपसण्याआधी तो खणला तर वाहून येणाऱ्या गाळाने तोही काही वर्षांत बुजेल.

उत्तर २: वाई येथील एक गृहिणी

आमच्या वाईत नगरपरिषदेने दर ३ वर्षांनी प्रत्येक घराची टाकी ठरल्या वेळी उपसण्याची पद्धत घातली आहे. गाडी आली तेव्हा आमच्या टाकीच्या झाकणावर आम्हीच फरशी बसवलेली निघाली आणि ती फोडावी लागली. आपल्या घरी झाकणे कुठे आहेत हे आईबाबांना आधी विचारून घ्यावे. गाडीवाल्यांना पाइप किती लांब आहे हे फोनवरच विचारावे, कारण कोकणातली घरे रस्त्यापासून आत असतात. उपसलेला मैला ते कुठे रिकामा करणार, हेही आवर्जून विचारावे. आमच्याकडे तो प्रक्रिया केंद्रात जातो. तुमच्याकडे तो वहाळात ओतला गेला तर खालच्या वाडीच्या विहिरी बिघडतील.

उत्तर ३: सफाई कामगारांसोबत काम करणारा कार्यकर्ता

मी त्या आत उतरायला तयार असलेल्या गृहस्थांविषयी लिहितो आहे. कृपा करून त्यांना उतरू देऊ नका. टाकीतला हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू जास्त प्रमाणात असला की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर करतो, त्यामुळे माणसाला धोका जाणवत नाही आणि तो काही क्षणांत कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. एका टाकीत दोन-तीन मृत्यू होतात ते असेच. तोंडाला रुमाल बांधल्याने यातले काहीही टळत नाही. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने सुरक्षासाधनांविना माणसाला टाकीत उतरवणे हा गुन्हा आहे, आणि पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अशा मृत्यूंची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ३० लाख रुपये केली. त्या गृहस्थांना कामाची गरज असेल, तर न्हाणीच्या पाण्याचा चर खणण्याचे काम द्यावे.

प्रश्नकर्ता: मागीलदार

सर्वांचे मनापासून आभार. शनिवारी गावी जाऊन काठीने माप घेतले. ४ फुटांपैकी गाळ १ फूट १० इंच भरला आणि वरची साय ५ इंच आहे, म्हणजे निम्म्याहून अधिक टाकी पाण्यासाठी उरलेलीच नाही. विहिरीच्या पाण्याचा नमुना दूषित आला. आई आता पाणी उकळते आहे. तालुक्याच्या गावातून उपशाची गाडी ठरली असून तिचा पाइप आमच्या पायवाटेला पुरतो. मैला कुठे नेणार, याचे पहिल्या गाडीवाल्यांनी स्पष्ट उत्तर दिले नाही, म्हणून दुसरे पाहिले. न्हाणीचा चर त्याच गृहस्थांना सांगितला आहे. ते सोमवारपासून येणार आहेत.