मदत हवी आहे: बँकेच्या व्हॅल्युएशन रिपोर्टला कोणते नियम?
आईचा सांगलीतला फ्लॅट तारण ठेवून कर्ज काढतोय. बँकेच्या पॅनेलवरचे व्हॅल्युअर (फ्लॅटची किंमत ठरवणारे) दारातूनच दोन फोटो काढून गेले, टेपसुद्धा बाहेर काढली नाही. रिपोर्टात कार्पेट (भिंतींच्या आतलं क्षेत्रफळ) ५८० ऐवजी ५१० चौरस फूट, आणि तुलनेसाठी आसपासच्या विक्रीचा एकही व्यवहार नाही!

कंपनी कायद्याखालच्या २०१७ च्या व्हॅल्युएशन नियमांत पाहणी, माहितीचा स्रोत, वापरलेली पद्धत रिपोर्टात द्यायला सांगितलंय. ते दाखवलं तर बँकेतले साहेब म्हणाले, "ते कंपन्या आणि दिवाळखोरीच्या केसेससाठी. बँकेच्या कर्जाला लागू नाही." खरंय का हे? व्हॅल्युअर आयबीबीआयकडे (दिवाळखोरी मंडळ, तेच व्हॅल्युअरची नोंदणी करतं) नोंदलेला आहे, मग त्याची आचारसंहिता कामागणिक बदलते की काय? आधी बँकेत लेखी द्यावं, की थेट आयबीबीआयकडे? रेडी रेकनर (सरकारी दरपत्रक) सुचवू नका, तो मुद्रांक शुल्कासाठी असतो. कुणी फेरमोजणी मागून घेतलीय का?