मदत हवी आहे : नागपुरात शुद्ध शाकाहारी चायनीज बुफे कुठे मिळेल?

नमस्कार. सासूबाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त सदर, धरमपेठ किंवा वर्धा रोड परिसरात चायनीज बुफे देणारे, पण शाकाहारी पदार्थांचे काउंटर आणि कढया पूर्णपणे वेगळ्या ठेवणारे रेस्टॉरंट कोणाला स्वानुभवाने ठाऊक असल्यास कृपया सुचवावे. त्यांना हाक्का नूडल्स मनापासून आवडतात. मात्र ग्रेव्हीत ऑयस्टर सॉस किंवा चिकन स्टॉक असण्याची नुसती शंका आली, किंवा एकच चिमटा दोन्ही भांड्यांत फिरताना दिसला, तरी त्या ताट बाजूला ठेवतील. शिवाय भाच्याला गव्हाची अ‍ॅलर्जी आहे, आणि नेहमीच्या सोया सॉसमध्ये सोयाबीनसोबत गहूही असतो. त्याच्यासाठी गहूविरहित सॉस घालून, स्वच्छ धुतलेल्या कढईत फ्राइड राइस वेगळा करून देणारे स्वयंपाकघर असल्यास तेही अवश्य कळवावे.