टोरांटोचा हिरवा डबा सांगलीच्या सोसायटीत चालेल का?

कृष्णाकाठ (सांगली, विश्रामबाग):
नमस्कार मंडळी. आमची २४ फ्लॅटची सोसायटी आहे. इथल्या बऱ्याच जणांची मुलं टोरांटोला आहेत. तिथे ओल्या कचऱ्याच्या हिरव्या डब्यात हाडं, दही, अगदी बाळाचे डायपरसुद्धा टाकतात, तेही प्लास्टिकच्या पिशवीत बांधून. तीच यादी आपल्या जिन्यात लावावी असं सभेत ठरतंय. मागे १० बाय १२ फूट जागा आहे, पण पावसाळ्यात तिथे पाणी साचतं. यादी तशीच घ्यावी का? आणि बांधावं काय?

ओला_सुका:
कृपा करून ती यादी लावू नका. टोरांटोत हा कचरा थेट कुजवत नाहीत. डिस्को रोड आणि डफरिनच्या प्रकल्पांत तो आधी पाण्यात घुसळतात. प्लास्टिक वर येतं ते काढून घेतात, काच-खडे खाली बसतात आणि उरलेला लगदा हवाबंद टाक्यांत जाऊन त्याचा बायोगॅस होतो. पिशवी आणि डायपरचं प्लास्टिक त्या घुसळणीतच वेगळं होतं, म्हणून तिथे चालतं. त्याच देशात व्हँकुव्हरच्या हिरव्या डब्यात प्लास्टिक अजिबात चालत नाही, ‘कंपोस्टेबल’ छापलेली पिशवीसुद्धा नाही. पुढे कचऱ्याचं काय होणार, त्यावर यादी ठरते.

तुमच्याकडे घुसळणारं यंत्र नाही. तेव्हा भाजीची देठं, सालं, चहाचा चोथा, दोरा काढलेलं निर्माल्य, चुरलेली अंड्याची टरफलं, थोडी शिळी पोळी-भात एवढंच घ्या. हाडं, मासे, दूध-दही, तेलकट रस्सा नको. कुत्री आणि घुशी ढीग उकरतात. करवंटी आणि आंब्याची कोय लवकर कुजत नाही, ती वेगळी ठेवा. डायपर आणि सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून घंटागाडीत स्वतंत्र द्यायचे.

पाचट_कुट्टी (वाळवा):
बांधकामाचं सांगतो. बंद हौद नको, त्यात हवा जात नाही आणि आठवड्यात वास सुटतो. एक फूट उंच जोतं करा, त्यावर जाळीदार वीटकामाचे भिंती धरून ४ बाय ४ बाय ४ फुटांचे तीन कप्पे ओळीने, वर उतरता पत्रा. १२ फुटांची बाजू बरोबर भरते आणि पुढे फावडं मारायला ६ फूट उरतात.

हिशोब असा. एका घरातून रोज अर्धा ते एक किलो ओला कचरा धरला तर २४ घरांचा १२ ते २४ किलो होतो. आधी आठवडाभर वजन करून खात्री करा. सुकं मिसळूनही ढीग निम्म्यावर बसतो, त्यामुळे १२ किलोला एक कप्पा साधारण महिनाभर पुरतो, २४ किलोला त्याच्या निम्मा वेळ. कप्पा महिनाभर पुरला तर तिसरा भरेपर्यंत पहिल्याला दोन महिने मिळतात.

तळाला सहा इंच जाड काटक्या. मग एक बादली ओल्याला दोन बादल्या सुकं, वरून शेणकाला शिंपडायचा आणि ओलं दिसणार नाही इतकं झाकायचं. सुक्यासाठी उसाचं पाचट उत्तम, पण दोन इंचांची कुट्टी करूनच. अख्खं पाचट चटईसारखं बसतं आणि खाली हवा कोंडते. शेतात आच्छादन करणाऱ्याकडून मागू नका, ते त्याच्या रानातच हवं. जो पेटवून देणार आहे त्याच्याकडून आणा. तोडणी चालू असतानाच पोती भरून ठेवा. जूनमध्ये कोरडं पाचट मिळत नाही आणि तिथेच बहुतेक सोसायट्यांचं खत फसतं.

माहुली (सातारा):
दादा, अमोनियासारखा उग्र वास आला तर सुकं कमी पडलंय. सडक्या अंड्याचा वास आला तर पाणी जास्त आणि हवा कमी. ढीग उलथा आणि कुट्टी घाला. मूठभर माल पिळून बघा, एक-दोन थेंब आले तर ओल बरोबर, धार लागली तर जास्त. मध्ये लोखंडी सळई खुपसून दहा मिनिटांनी काढा. चांगली गरम लागली तर काम चालू आहे, थंड असेल तर उलथायची वेळ झाली. अळ्या दिसल्या तर फवारणी करू नका, सुक्याचा थर वाढवा.

लॉनवर तणनाशक मारत असाल तर ते कापलेलं गवत यात नको. खरं तर मारूच नका. क्वेबेकमधल्या हडसन या छोट्या गावात त्वचारोगतज्ज्ञ जून अर्विन यांनी नगरसभेच्या बैठकांत हा विषय वर्षानुवर्षं लावून धरला. १९९१ मध्ये गावाने नुसत्या शोभेसाठी होणाऱ्या तणनाशक-कीटकनाशक फवारणीवर बंदी आणली, फवारणी कंपन्या कोर्टात गेल्या आणि २००१ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या बाजूने निकाल दिला. २००९ मध्ये ऑन्टॅरिओने अख्ख्या प्रांतात तशी बंदी केली.

कृष्णाकाठ:
फार उपयोगी. महापालिकेकडे काय मागावं?

माहुली (सातारा):
आधी वही घाला: तारीख, ओल्याचं वजन, घंटागाडीत गेलेल्याचं वजन. तीन महिन्यांची पानं जोडून अर्ज द्या आणि पोचेचा शिक्का घ्या. मागणी एकच ठेवा, ती म्हणजे सुका कचरा घंटागाडीत वेगळ्या कप्प्यात घ्यावा. वेगळा केलेला कचरा गाडीत पुन्हा एकत्र झालेला दिसला की घरातली माणसं महिन्याभरात वेगळं करणं सोडून देतात.