मदत हवी आहे: सुरक्षा परिषदेच्या अध्यक्षाला नक्की अधिकार किती?

नमस्कार मंडळी, भाचीच्या कॉलेजात शनिवारी मॉडेल युएन आहे, म्हणजे पोरं एकेक देश वाटून घेतात आणि राजदूत असल्यासारखी भांडतात. हिच्या वाट्याला रशिया आलाय, विषय फेब्रुवारी २०२२ ची सुरक्षा परिषद. मामाला राजकारणातलं कळतं म्हणून माझ्याकडे आली आणि मामाची दांडी गुल.

१५ देश, त्यातले ५ कायमचे, १० दोन-दोन वर्षांसाठी निवडून आलेले, इथपर्यंत ठीक. अध्यक्षपद दर महिन्याला इंग्रजी नावांच्या अक्षरक्रमाने फिरतं हेही माहितीये, ऑगस्ट २०२१ मध्ये आपला नंबर होता तेव्हा सागरी सुरक्षेवरच्या बैठकीला मोदी अध्यक्ष होते.

पण त्या फेब्रुवारीत अध्यक्ष रशियाच! २३ च्या रात्री न्यूयॉर्कमध्ये युद्ध टाळायला बैठक चालू आणि तिकडे पुतिननी कारवाई जाहीर केली, युक्रेनच्या राजदूताने तोंडावर सांगितलं की खुर्ची सोडा, तरी सोडली नाही. २५ ला निषेधाचा ठराव आला, ११ मतं बाजूने, भारत, चीन, युएई तटस्थ, आणि रशियाचा व्हेटो (नकाराधिकार), म्हणून ठराव पडला. अहो आमच्या सोसायटीत चेअरमनच्या पार्किंगचा विषय निघाला तर त्यालासुद्धा बाजूला बसवतात.

आणि दुसरं, २७ ला परत तेच ११, रशिया विरोधात, ३ तटस्थ, पण हा ठराव पास?? हे कसं काय?

---

उत्तर: दादा, व्हेटो अध्यक्षाचा नसतोच, कायम सदस्याचा असतो. रशिया त्या महिन्यात अध्यक्ष नसता तरी २५ ला हेच झालं असतं. अध्यक्ष बैठक बोलावतो, महिन्याचं वेळापत्रक लावतो, बोलायची पाळी देतो, मत मात्र बाकीच्यांसारखं एकच. आपल्याशी थेट संबंध असलेला विषय असेल तर खुर्ची सोडायचा नियम आहे, २० वा, पण सोडायची की नाही ते अध्यक्षानेच ठरवायचं 😄 आणि ही नियमावली १९४६ पासून 'तात्पुरती'च आहे बरं का.

२७ चा ठराव आमसभेचं, म्हणजे सगळ्या सदस्य देशांच्या सभेचं, तातडीचं अधिवेशन बोलवायचा होता, म्हणजे कार्यपद्धतीचा. त्याला कोणतीही ९ मतं पुरतात, तिथे व्हेटो चालत नाही. मग २ मार्चला आमसभेत रशियाविरुद्धचा ठराव १४१ विरुद्ध ५ ने पास, पण आमसभेचा तो ठराव बंधनकारक नसतो, ही खरी गोम.

एक तयारी करून ठेवायला सांगा तिला. समोरचे म्हणतील, युएनच्या सनदेच्या कलम २७ प्रमाणे वादातल्या पक्षाने मतच द्यायचं नसतं. ते फक्त वाद सामोपचाराने मिटवायच्या, म्हणजे सनदेच्या सहाव्या प्रकरणातल्या आणि कलम ५२(३) खालच्या निर्णयांना लागू आहे.

आणि खुर्ची अडवायची कला जुनीच. १९५० मध्ये सोव्हिएत रशिया चीनची जागा तिथल्या कम्युनिस्ट सरकारला देत नाहीत म्हणून रुसून बाहेर बसला, तेवढ्यात जूनमध्ये कोरियातल्या युद्धाचे ठराव व्हेटोविना पास झाले, मग ऑगस्टमध्ये अध्यक्षपदाची पाळी आल्यावर बरोब्बर हजर.

---

धागाकर्ता: ताई, खूप आभार, १९५० चं ऐकून भाची खूश. आता म्हणतेय खुर्ची सोडायची नाटकी ऑफर देऊ का. तसं केलं तर पुढे कोण बसतं?

उत्तर: अक्षरक्रमाने पुढचा, म्हणजे तेव्हा युएई. त्या पोराला आधी सांगून ठेवा, नाहीतर झोपेतून उठेल.