उत्तर: पुढारी खाणीत उतरलेलाच नसतो?

दादा, "युनियनचे पुढारी कधी खाली उतरत नाहीत, गेटवर भाषण ठोकून आमदारकी बघतात" हे तुमचं वाक्य आपल्याकडच्या बऱ्याच जणांना फिट बसतं, पण अँड्र्यू फिशर बघा ना. स्कॉटलंडमधल्या एअरशायरचा, दहाएक वर्षांचा असताना कोळसा खाणीत लागला, १८७९ मध्ये म्हणजे सतराव्या वर्षी युनियनच्या शाखेचा सेक्रेटरी, १८८१ चा संप फसला तशी नोकरी गेली अन् पुढे तर त्याचं नावच काळ्या यादीत, मग १८८५ ला गाठलं ऑस्ट्रेलियातलं क्वीन्सलंड. तिथं जिंपीच्या सोन्याच्या खाणीत काम, इंजिन चालवायचं सर्टिफिकेट काढलं, परत युनियन, अन् १८९३ ला विधानसभेत. १८९६ ला पडला तर रडत बसला नाही, स्वतःचा पेपर काढला (विरोधातल्या पेपरला उत्तर द्यायला, हे मला भारी आवडलं), १८९९ ला परत निवडून आला. १९०८ ला तर ऑस्ट्रेलियाचा पंतप्रधान!

आता आपल्याकडे असं काहून होत नाही? नागपूरकडच्या सिल्लेवाडा-सावनेरच्या कोळसा खाणीतला माणूस कॅप लॅम्प लावून खाली जातो, पण १९७३ च्या कोळसा खाणींच्या राष्ट्रीयीकरणानंतर पगाराचा करार होतो जेबीसीसीआयमध्ये (कंपन्या अन् युनियनची संयुक्त कमिटी), देशपातळीवर, अन् इथल्या खाणी चालवणारी वेकोलि (वेस्टर्न कोलफील्ड्स) म्हणजे केंद्राची कंपनी. म्हणजे पगारवाढीसाठी आमदाराकडे जाऊन उपयोग काय? तिथं युनियनचा मोठा नेताच लागतो, त्यामुळे हुशार पोरगं विधानसभेपेक्षा कमिटीच्या खुर्चीकडे बघतं, असं माझं मत. बाकी खाणीत जमीन गेलेल्यांचा प्रश्न आमदाराकडेच येतो, ते वेगळं.